कोरड्या कॅसेटी

आमच्या घरमालकांना जमीन पसंत नव्हती. विकत घ्यायची जमीन नव्हे, पायाखालची. "बाई, ही नुस्ती पडून ऱ्हातीया बगा. थरथरत न्हाय," असं ते मला तक्रारीच्या सुरात सांगायचे, जशी काही ती मीच धरून ठेवली होती. मी तेव्हा निपाणीच्या एका मराठी शाळेत नुकतीच लागले होते आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. शनिवारची शाळा सुटली की मी आईकडं कोगनोळीला जायचे आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत यायचे. राहिलेले दिवस या माणसाच्या तावडीत.

त्यांना घरात अण्णा म्हणत आणि गावात दर्यावाले. मुंबईच्या पुढं, भर समुद्रात तेलाच्या विहिरी खणायला सुरुवात झाली त्या पहिल्या काळात अण्णा तिथं रिगवर रेडिओ ऑपरेटर होते. रिग म्हणजे पाण्यात लोखंडी पाय रोवून उभं केलेलं कारखान्याएवढं धूड. त्यावर इंजिनं अखंड चालतात, पायाखालचा पत्रा सतत थरथरतो, आणि माणसं पंधरवडाभर तिथं आणि पंधरवडाभर घरी अशी राहतात. मी राहायला गेले तेव्हा अण्णांनी नोकरी सोडून थोडेच दिवस झाले होते. त्यांचं शरीर निपाणीत पोचलं होतं, बाकीचे अण्णा अजून वाटेतच होते.

घरात एका जागी बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. जेवण उभ्यानं, ताट खिडकीच्या फळीवर ठेवून. वर्तमानपत्र अंगणात फेऱ्या मारत. झोपतानाही म्हणे पाय हलत असायचे, हे त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, मला सांगितलं. सकाळचा चहा झाला की अण्णा अंगणाच्या मधोमध उभे राहून आकाशाकडं तोंड करून मोठ्यानं बोलायचे, "माणसं तीन. सगळी ठीक. वारा पश्चिमेचा. टाकीत पाणी निम्मं." रिगवरून किनाऱ्याला रोज असा निरोप द्यावा लागायचा. आता किनारा म्हणजे समोरच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायका. त्या हसायच्या आणि उत्तर द्यायच्या, "कळलं वो अण्णा, चालू द्या!"

माणसं तीन, म्हणजे त्यात मी धरलेली. हे मला एकदा महागात पडलं. शाळा सुटल्यावर मी परस्पर एका मैत्रिणीकडं गेले आणि संध्याकाळी घरी आले, तर गल्लीत गर्दी. अण्णा शाळेत जाऊन आले होते, स्टँडवर जाऊन आले होते, वखारीच्या मागची विहीरसुद्धा बघून आले होते. मला राग आला. मी म्हटलं, "अण्णा, मी काय लहान आहे का? भाडेकरू आहे, कैदी नाही."

"व्हय, बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "पर बाई, रिगवर माणूस एक कमी भरला तर कुटं हुडकत्यात म्हाईत हाय? पाण्यात."

त्या दिवसापासून मी बाहेर जाताना सांगून जायला लागले.

बाकी त्यांच्या नियमांचा मात्र मला कंटाळा होता. त्यांच्या अंगणात काडी ओढायची म्हणजे आधी त्यांना विचारायचं. रिगवर एक ठिणगी म्हणजे सगळ्यांचा सत्यानाश, हे मान्य. पण निपाणी हे बिडीचं गाव. अर्ध्या गावाच्या बोटांना बिड्या वळून घट्टे पडलेले, आणि या घराच्या फाटकावर पाटी, "बिडी ओढू नये". पाहुणे फाटकाबाहेर उकिडवे बसून बिडी संपवायचे आणि मग आत यायचे. आक्का स्टोव्ह पेटवायच्या आधी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "पेटवू काय वो?" आणि अण्णा हवेचा वास घेऊन परवानगी द्यायचे. मी गच्चीवर पापड वाळत घालायला निघाले की ते आपलं पिवळं हेल्मेट माझ्या हातात ठेवायचे. पापड घालणाऱ्या बाईच्या डोक्यावर वरून काय पडणार, कावळा? पण घालावं लागायचं. शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा मला तसं रस्त्यावरून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फार जपून माझी चौकशी केली.

आणि पंधरवडा संपला की अण्णांची बॅग भरली जायची. नोकरी नव्हती, बोलावणं नव्हतं, हेलिकॉप्टर नव्हतं, पण अंगात भरलेलं घड्याळ चालूच होतं. ठरलेल्या दिवशी ते दाढी करून, बॅग उचलून एसटी स्टँडवर जायचे. पहिल्या पहिल्यांदा नुसतेच जाऊन परत यायचे. मग त्यांना त्या बॅगेत घालायला काम सापडलं.

ते काम म्हणजे इतिहास.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते त्यांनी मला अनेकदा सांगितलं, दर वेळी चालता चालता, त्यामुळं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. एक विहीर खणून झाली की रिग आपले पाय वर घेते आणि बोटी तिला ओढून दुसरीकडं नेतात. पहिल्या वेळी अशी रिग हलली तेव्हा अण्णांनी मागं वळून पाहिलं. जिथं एवढी माणसं राहिली, जेवली, भांडली, एकाचं बोट तुटलं, एकाला मुलगा झाल्याची बातमी अण्णांनीच रेडिओवर ऐकून दिली, तिथं सपाट पाणी. "बाई, समुद्रात पाऊल उमटत न्हाय," ते म्हणायचे. "हितं माणूस मेला तर निदान त्येनं लावल्यालं आंब्याचं झाड ऱ्हातंय. आमचं काय ऱ्हायलं? तेल ऱ्हायलं. ते जाळत्यात."

हे बोलताना त्यांचा चेहरा बघवायचा नाही. मी एरवी त्यांची भरपूर चेष्टा केली, पण या वाक्याची कधी केली नाही.

त्यांनी मुंबईला जाऊन एका मोठ्या कचेरीत विचारलं होतं, पहिल्या माणसांचं कुणी काही लिहून ठेवतंय का. तिथला तरुण साहेब हसून म्हणाला, "अहो, अजून तेल काढतोय आपण. इतिहास म्हातारपणी." अण्णा म्हणाले, "साहेब, म्हातारपणी जे आठवतं ते खोटं असतं." साहेबानं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. तेव्हा येताना अण्णांनी मुंबईतूनच एक टेपरेकॉर्डर विकत आणला.

आधी वस्तूंचं सांगते. सोप्यात एका कोनाड्यात त्यांनी रिगवरचं टाकाऊ लोखंड मांडलं होतं. साखळीचे दुवे, कसले कसले खटके, दाब मोजायचा फुटका गेज. त्यात एक बिट होतं, म्हणजे खणायच्या पाइपाच्या टोकाला लावतात ते. उलटं ठेवलं की त्याची तीन दातेरी तोंडं एकमेकांना चिकटून वर बघायची. खंडेनवमीला आक्कांनी विळी, कोयता, स्टोव्ह यांच्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला शेजारच्या बायका सोनं द्यायला आल्या आणि एकीनं हात जोडले. "अगंबया, तीन मुखं! दत्तच की वो!"

अण्णा संतापले. "दत्त न्हाय त्यो! बिट हाय! समुद्राच्या बुडाचा दगड फोडलाय ह्येनं!"

"मग देवाबिगार फोडंल काय कोण?" ती बाई शांतपणे म्हणाली.

पुढच्या गुरुवारी तिथं उदबत्ती आली, त्याच्या पुढच्या गुरुवारी पेढा आला. अण्णा येता-जाता कुंकू पुसायचे आणि आक्का पुन्हा लावायच्या. मग एकदा अण्णा बॅग घेऊन गेलेले असताना आक्कांनी कोनाडा साफ करायचा म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं साखळी, खटके, गेज सगळं पोत्यात भरलं, बिटापुढं मात्र चप्पल काढून नमस्कार केला आणि निघून गेला. अण्णा परत आले, कोनाड्यात उरलेल्या एकट्या बिटाकडं पाहिलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण ते माडीच्या जिन्याच्या खालच्या पायरीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ह्या मुलखात इतिहास वाचवायचा तर त्येला कुंकूच लावाय पायजे." त्यानंतर त्यांनी कुंकू पुसलं नाही.

वस्तू गेल्या. मग राहिली ती माणसं. रिगवर या भागातली बरीच पोरं अण्णांनीच खटपट करून कंत्राटदारामार्फत नेली होती. कुणी बेळगुंदीचा, कुणी खानापूरकडचा. शेतात राबणारे, समुद्र कधी न पाहिलेले. त्यांच्या तोंडून सगळं कॅसेटवर घ्यायचं, असं अण्णांनी ठरवलं. माझं अक्षर चांगलं म्हणून कॅसेटीवर नाव घालायचं काम माझ्याकडं आलं.

एकदा त्यांच्याबरोबर मी बेळगुंदीला गेले. तिथं रिगवर स्वयंपाक करणारा एक गडी सुट्टीवर आला होता. अण्णांनी स्टुलावर टॉवेलाची घडी घातली, त्यावर माइक ठेवून गड्याच्या तोंडाशी सरकवला, दोन बटणं एकदम दाबली आणि ओरडले, "हॅलो हॅलो, निपाणीवरनं बोलतोय! हं, सांग. पयल्या दिशी काय झालं?"

गडी खाकरला. "पयल्या दिशी मला..."

"उलटी झाली का न्हाय? झाली. बोटीत सगळ्यास्नी होतीया. फुडं?"

"न्हाय, मी काय म्हंतोय..."

"भात किती शिजवायचास? लई. साहेब लोकं काय खायाची? ब्रेड. फुडं? बोल की रं!"

गड्यानं माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं. थोड्या वेळानं त्यानं समोरच्या ताटलीतली भजी खायला घेतली आणि मुलाखत त्याच्याशिवायच पुढं चालू राहिली. परतीच्या गाडीत अण्णा खिन्न होते. "आपली मान्सं बोलतच न्हाईत बगा, बाई. किती खणलं तरी थेंब येत न्हाय." घरी येऊन त्यांनी एका कानात बारकी नळी घालून कॅसेट ऐकली आणि मला सांगितलं, "लिवा. बेळगुंदी. कोरडी."

विहीर खणली आणि तेल लागलं नाही तर तिला कोरडी म्हणतात. अण्णांच्या बहुतेक कॅसेटी कोरड्या निघाल्या. मी एकदा सुचवलं, की एवढ्या महाग कॅसेटी, कोरड्या असतील तर त्यांच्यावरच पुन्हा दुसऱ्याचं घ्या. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी शाळेतल्या मुलाला विकायला काढलंय. "बाई, कोरडी विहीर पुन्यांदा खणत न्हाईत, पर नकाशावरनं पुसत बी न्हाईत. हितं खणलं, लागलं न्हाय, ह्ये बी फुडच्याला कळाय पायजे." त्यांनी प्रत्येक कॅसेटीचे मागचे दोन कान पेन्सिलीनं मोडले, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, आणि खोक्यात ठेवल्या.

कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यावर तर कहर झाला. शनिवारी मी आईकडं निघाले होते, अण्णाही त्याच गाडीत होते. तपासणीला पोलीस चढला. अण्णांच्या मांडीवरचं खोकं बघून, यात काय आहे, असं त्यानं कानडीत विचारलं, "इदराग एन ऐतरी?"

"इतिहास," अण्णा म्हणाले.

पोलिसाला वाटलं दारूच्या एखाद्या जातीचं नाव असेल. त्यानं खोकं उघडायला लावलं, टेप चालू करायला लावला. सगळी गाडी ऐकायला लागली. जरा वेळानं तो पोलीस आमच्या मराठीत म्हणाला, "अवो, ह्यात तर तुमीच बोलालाय की!"

"ती लाजत्यात," अण्णा म्हणाले. गाडी हसली. मीही हसले.

पण मला त्यांचा रागही यायचा. स्वतःला मोठं समजणारी, दुसऱ्याला तोंड उघडू न देणारी माणसं आमच्या स्टाफरूममध्ये चिकार होती. हे त्यातलेच, असं माझं मत झालं होतं. एकदा आक्का बाजारात गेल्या असताना स्टोव्हवर दूध उतू गेलं. चर्र आवाज झाला, तो मला माडीवर ऐकू आला. मी धावत खाली आले तर अण्णा स्टोव्हकडं डावा खांदा करून, हातभर अंतरावर उभे होते आणि वर्तमानपत्र वाचत होते. संध्याकाळी मी आक्कांना हसत हसत हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"डावा कान गेलाय त्यांचा," त्या म्हणाल्या. "उजवा बी जायच्या वाटंवर हाय. त्या इंजिनांनी खाल्ला. कंपनीच्या डागदरनं तपासलं आनि सांगितलं, ऐकाय येत न्हाय तर रेडिओवर कसा ठेवायचा मानूस? नोकरी सोडली न्हाय वो त्येनी. सोडाय लावली. गावाला त्येनी दुसरंच सांगितलंय. तुमी कुणाला बोलू नगासा. त्यास्नी तर मुळीच न्हाय."

म्हणजे समोरचा बोलायला लागलाय हेच त्यांना कळत नव्हतं. ओठ हललेले दिसले तर दिसले. शांतता आहे असं वाटून ते ती भरून काढत होते, आणि समोरचा माणूस बिचारा गप्प होत होता. ज्याला दुसऱ्यांचे आवाज राखून ठेवायचे होते, त्यालाच ते ऐकू येत नव्हते. हे असलं दुःख मला पेलणारं नव्हतं. पुढच्या वेळी मी फक्त एवढं म्हटलं, "अण्णा, विचारून झाल्यावर जरा थांबत जा. माणूस बोलतो मग."

"थांबून काय करू? बोलतंय कोण हितं?" अण्णा म्हणाले आणि बॅग भरायला लागले.

त्यांच्या बोलण्यात एक माणूस मात्र सारखा यायचा. गुंजीचा क्रेनवाला. रिगवर माणसं बोटीतून वर घ्यायची ती क्रेनच्या दोराला लटकवलेल्या जाळीच्या टोपलीतून. खाली समुद्र उसळतोय, बोट खाली-वर होतेय, माणसं जाळीला बाहेरून धरून उभी, आणि वरच्या काचेच्या केबिनमध्ये हा गडी. अण्णा म्हणायचे, रिगवरच्या प्रत्येकाचा जीव त्याच्या मनगटात होता. "पर लई कमी बोलतोय. क्रेनवाला हातानं बोलतोय न्हवं, तोंडाची सवय मोडतीया." तेल लागायचं तर ते याच्याकडंच, असं त्यांना वाटायचं. कारण पहिल्या दिवसापासूनचं सगळं त्यानं वरून बघितलं होतं.

तो एकदा सुट्टीत निपाणीला आला. काळासावळा, रुंद खांद्यांचा, हसरा माणूस. बिडी बाहेरच विझवून आत आला आणि मला बघून टोपी काढली. सोप्यात तो बसला, अण्णा त्याच्यापुढं उभे, मी माडीवर पेपर तपासत होते. दुपारभर मला फक्त अण्णांचा आवाज ऐकू येत होता. "बोल की रं! फुडं? मग मीच सांगतो!" मध्येच थोडी शांतता, पुन्हा अण्णा. क्रेनवाला गेला तेव्हा अण्णा फाटकापर्यंत सोडायला गेले. परत येऊन कॅसेट माझ्यापुढं ठेवली. एवढं हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"गुंजी," ते म्हणाले. "कोरडी."

त्यानंतरच्या सुगीत क्रेनवाला रजेवर गावी आला होता. भाताच्या खळ्यावर पेंढीखाली सापानं चावला आणि खानापूरला नेईपर्यंत संपला. समुद्रानं सोडलं आणि खळ्यानं नेलं. ही बातमी ऐकल्यावर अण्णा चालत सुटले ते थेट हायवेपर्यंत गेले. आक्कांनी मला मागं पाठवलं. ते रस्त्याकडेला उभे होते. "गेला, बाई. काय न सांगता गेला," एवढंच दोनदा म्हणाले. त्या पंधरवड्याला त्यांनी बॅग भरली नाही. टेपरेकॉर्डरवर आक्कांनी फडकं घालून ठेवलं.

उन्हाळ्यात शाळा सकाळची होती, म्हणून दुपारी मी घरी होते. क्रेनवाल्याची बायको आली. गुंजीहून आगगाडीनं बेळगाव आणि तिथून एसटीनं निपाणी. कडेला तांदळाचं गाठोडं. पाणी प्यायली, आक्कांनी दिलेला चहा घेतला, आणि मग म्हणाली, "त्यांचा आवाज हाय म्हनं तुमच्याकडं. मला ऐकायचाय. त्येवढ्यासाठी आलोय."

ती इतक्या हळू बोलत होती की आक्कांनी ते अण्णांना पुन्हा सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरला. "न्हाय वैनी," ते म्हणाले. "न्हाय त्यात काय. त्यो बोललाच न्हाय. उगा तुमास्नी..."

"खोकला असंल एकांदा," ती म्हणाली. "तो बी चालंल."

आक्कांनी कुणाचं न ऐकता फडकं काढलं, खोक्यातून कॅसेट शोधली आणि लावली. टेपमधून अण्णा ओरडले, "हॅलो हॅलो, निपाणीवरनं बोलतोय!" आणि मग तेच, नेहमीचं. सोप्यात उभ्या असलेल्या अण्णांनी मान खाली घातली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

ती बाई पुढं वाकली. आणखी वाकली. कान टेपला टेकवला.

"हायती," ती म्हणाली. "बोलालेत की."

आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. आक्कांनी आवाज वाढवला. अण्णांचं ओरडणं फाटायला लागलं, पण त्याच्या खालून खरंच एक आवाज येत होता, बारीक, संथ, कुठंही न थांबणारा. मला शब्द लागत नव्हते. तिला सगळे लागत होते. इतकी वर्षं कानाला लावून घेतलेला आवाज तो.

"काय म्हणतोय? काय म्हणतोय?" अण्णा पुढं आले.

तिनं काहीतरी सांगितलं. अण्णांनी तिच्या ओठांकडं पाहिलं आणि हात हलवला. आक्का म्हणाल्या, "जरा मोठ्यानं सांगा त्यास्नी, वैनी." ती बाई आक्कांकडं बघत राहिली, मग अण्णांकडं. आक्कांनी हळूच आपल्या उजव्या कानाला बोट लावलं. मग उठून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. अण्णाही खाली बसले.

टेपमध्ये अण्णा विचारत होते, "मला पयल्यांदा टोपलीतनं उचललंस, मी डोळं उगडं ठिवून वर आलो का न्हाय? आलो. फुडं?"

"न्हाय म्हणत्यात," ती मोठ्यानं बोलली. "डोळं गच्च मिटल्यालं म्हनं."

"खोटं बोलतोय!" अण्णा म्हणाले. मग जरा वेळानं, "व्हय. मिटल्यालं."

ती ऐकत होती आणि सांगत होती. टोपली वर घेताना तो दर वेळी मनात म्हणायचा, ह्यो कुणाचा तरी हाय, सावकास. पहाटे केबिनीतून खाली बघितलं की दिव्याच्या उजेडाला मासे गोळा झालेले दिसायचे, आणि त्याला गुंजीच्या ओढ्यातली पोरं आठवायची. वारा सुटला की केबिन हलायची, तेव्हा तो भजन म्हणायचा, पण पुढचं कडवं कधी आठवायचं नाही. अण्णा एकेक शब्द गिळत होते. "फुडं?" म्हणत होते, पण आता खालच्या आवाजात, आणि विचारून थांबत होते.

मग ती बोलायची थांबली. टेपमध्ये अण्णा पाणी प्यायला थांबले असावेत, कारण पहिल्यांदाच खालचा आवाज एकटा आला आणि मला आणि आक्कांना तो स्वच्छ ऐकू आला.

"अण्णाला ऐकाय येईना झालंय. मोठ्यानं बोललो तर मला ते म्हाईत हाय ह्ये त्येला कळंल. मशीनला येतंय न्हवं ऐकाय? मग मी मशीनला सांगतो."

आणि लगेच अण्णांची आरोळी, "बोल की रं! गप का बसलाईस?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मला रडू आवरेना. अण्णा आमच्या तिघींच्या तोंडांकडं बघत होते. "फुडं काय म्हणाला? सांगा की. काय म्हणाला?"

क्रेनवाल्याच्या बायकोनं टेप बंद केला. क्षणभर तिनं डोळे मिटले, आणि मग अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन तिनं ते सांगितलं, एकही शब्द न वगळता, जसंच्या तसं.

अण्णा हलले नाहीत. त्यांचे पायसुद्धा. मग ते पुढं झुकले आणि त्या बंद मशीनवर हात ठेवून म्हणाले, "मग वरडायचं की रं, मर्दा. मी काय खाल्ला असतो तुला?" आणि ते रडले, आमच्या देखत, तोंड न झाकता.

आक्का गल्लीकडचं दार लावायला उठल्या.

"ऱ्हाऊ दे उगडं," अण्णा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि उजवा कान त्या बाईकडं केला. "वैनी, म्हागं घ्या ते. पयल्यापास्नं सांगा. आनि मोठ्यानं सांगा. गल्लीला ऐकाय गेलं तरी चालतंय."